बिनतिकिटाचं संमेलन

शनिवार, ३ फेब्रुवारी २०२४. ब्रसेल्सच्या सेंट्रल स्टेशनवरून निघालेली ७१ क्रमांकाची बस दक्षिणेकडे चालली आहे आणि तिच्यात पाऊल हलवायला जागा नाही. बाहेर भुरभुर पाऊस. आत नजर जाईल तिथे पाठीवरच्या सॅक, आणि सॅकांवर स्टिकर: डेबियनचा लाल भोवरा, केडीईचं दातेरी चाक, लिनक्सचा पेंग्विन. माझ्या शेजारी उभा असलेला पन्नाशीचा माणूस आपल्या मुलाला काहीतरी फ्रेंचमध्ये समजावतो आहे. त्यातला ‘कर्नेल’ एवढा एकच शब्द मला कळतो. उतरायचं कुठे, हे कुणीच कुणाला विचारत नाही. विद्यापीठाचा थांबा येतो आणि बस रिकामी होते.

ही ब्रसेल्सच्या मुक्त विद्यापीठाची, म्हणजे युनिव्हर्सिते लीब्र द ब्रुसेलची, सोलबॉश वसाहत. दर वर्षी फेब्रुवारीच्या सुमारास इथे शनिवार-रविवारी फॉस्डेम भरतं. मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता आणि बदलता येतो असं सॉफ्टवेअर, लिहिणाऱ्यांच्या युरोपातल्या सर्वात मोठ्या मेळाव्यांपैकी हे एक. मी जर्मनीत आखेनला एम. एस. करते आहे. आखेनहून पहाटेची गाडी धरून आम्ही काही विद्यार्थी आलो आहोत. गावाकडे, सांगलीत, कॉलेजच्या संमेलनांना गेले तेव्हाची सवय अजून अंगात आहे: नोंदणीचं टेबल कुठे, पावती कुठे दाखवायची, गळ्यात घालायचं ओळखपत्र कुठे मिळेल. मी फाटकाशी थांबून शोधते. टेबल नाही, पावती नाही, ओळखपत्र नाही. नोंदणीच नाही. दारं सताड उघडी आहेत आणि माणसं आत शिरताहेत.

नोंदणी नसल्यामुळे नेमकी किती माणसं येतात, हे आयोजकांनाही मोजता येत नाही. ते अंदाजानं ८,०००हून अधिक म्हणतात. हा सगळा पसारा स्वयंसेवकांच्या जोरावर चालतो, खर्च प्रायोजक आणि देणग्यांतून निघतो. सुरुवात २००० साली रफाएल बोदुआँ या तरुणानं केली. मोठं सॉफ्टवेअर लिहिण्याइतकी आपली कुवत नाही असं त्याला वाटत होतं, तेव्हा निदान लिहिणाऱ्यांना एकत्र आणावं, म्हणून त्यानं हा घाट घातला. आपल्याला जे जमतं ते घेऊन कामाला लागायचं, हा इथला पहिला धडा, आणि तो या जागेच्या जन्मातच आहे.

साडेनऊला जान्सन सभागृहात स्वागत होतं. भाषण मोजून मापून, हार नाहीत, दीपप्रज्वलन नाही, व्यासपीठावर मान्यवरांची रांग नाही. सूचना मात्र कामाच्या: खोली भरली की भरली, दारात गर्दी करू नका, कचरा उचला, हातभार लावायचा असेल तर माहिती कक्षात नाव द्या. पुढच्या काही मिनिटांत सगळं सभागृह वेगवेगळ्या इमारतींकडे पांगतं.

मी फोन उघडून कार्यक्रमपत्रिका बघते. ती दाखवणारं ‘फॉस्डेम कम्पॅनियन’ हे ॲपही मुक्त सॉफ्टवेअरच आहे, संमेलनाला येणाऱ्यांपैकीच एकानं लिहिलेलं. वाय-फायची गंमत त्याहून निराळी. मुख्य जाळं फक्त आयपीव्ही६वर, म्हणजे इंटरनेटच्या नव्या पत्त्यांवर चालतं. जुन्या पत्त्यांवर अडलेल्यांसाठी दुसरं जाळं वेगळं ठेवलं आहे. म्हणजे इथे आलेल्या हजारो माणसांचे फोन आणि लॅपटॉप दोन दिवस नव्या जाळ्याची परीक्षा घेत राहतात. काही अडलं, तर ते दुरुस्त करू शकणारा माणूस बहुतेक याच आवारात असतो.

‘के’ इमारतीत शिरते आणि थबकते. लांबलचक मार्गिका, दोन्ही बाजूंना टेबलं, आणि मधून दादरच्या पुलावर सकाळी साडेनऊला असतो तसा लोंढा. एकेका टेबलावर एकेक प्रकल्प: डेबियन, ग्नोम, केडीई, मोझिला, लिबरऑफिस. ज्यांची नावं मी आजवर फक्त पडद्यावर वाचली, ती सॉफ्टवेअर लिहिणारी माणसं टेबलामागे उभी आहेत, स्टिकर वाटताहेत, कॉफी पिताहेत, आणि कुणीही येऊन विचारलं की उत्तर देताहेत. विचारणारा बारावीतला आहे की प्राध्यापक, याची चौकशी कुणी करत नाही. प्रश्न काय आहे, एवढंच ऐकून घेतलं जातं.

माझ्याकडे एक प्रश्न आहे. तो मी सांगलीहून घेऊन आले आहे. आई गेली काही वर्षं जात्यावरच्या ओव्या जमवते आहे. काही ओव्या डीटीपीवाल्या काकांनी टाइप केल्या, काही मी फोनवर. सगळ्या एका फाइलीत आल्यावर आईनं ‘वाऱ्यावर’ हा शब्द शोधला, तर निम्म्याच जागा सापडल्या. उरलेल्या निम्म्या डोळ्यांना दिसत होत्या, संगणकाला दिसत नव्हत्या. तो शब्द ज्या मजकूर-संपादकात, म्हणजे टेक्स्ट एडिटरमध्ये शोधला, त्याच्याच टेबलासमोर मी आता उभी आहे. प्रकल्पाचं नाव लिहीत नाही, कारण हा गुंता त्या एकाचा नाही.

टेबलामागे पिकल्या दाढीचे एक गृहस्थ आहेत. मी इंग्रजीत सांगायला सुरुवात करते. ते मध्येच हात करून थांबवतात, आपला लॅपटॉप माझ्याकडे वळवतात आणि म्हणतात, “सांगू नका. टाइप करून दाखवा.”

मी शब्द दोनदा टाइप करते, दोन वेगळ्या कीबोर्डांनी. पडद्यावर एकाखाली एक दोन ‘वाऱ्यावर’ उमटतात, अगदी सारखे. ते वाकून बघतात.

“हे दोन्ही एकच?”

“एकच. फरक आत आहे.”

आतले आकडे उघडले की फरक दिसतो. मराठीतला हा अर्धा, पापणीसारखा र दोन वाटांनी लिहिता येतो. एका वाटेत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग य. दुसऱ्या वाटेत साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारी एक जोडखूण, आणि शेवटी य. युनिकोडच्या नियमांत पहिली वाट आहेच. जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून दुसरीही मान्य केली आहे. दोन्ही वाटा एकाच आकाराला पोचतात. पण युनिकोडच्या लेखी त्या समतुल्य नाहीत, म्हणून शोध घेणारा प्रोग्रॅम त्यांना दोन निराळे शब्द समजतो.

गृहस्थ एक-दोन गोष्टी करून बघतात. मजकूर प्रमाणरूपात आणून शोधतात; उपयोग होत नाही. मग ते टेबलावरच्या कागदावर दोन चौकोन काढून मला समजावतात. अक्षरं जोडून दाखवण्याचं काम हार्फबझ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर करतं. तेच फायरफॉक्समध्ये आहे, क्रोममध्ये आहे, अँड्रॉइड फोनांत आहे. म्हणजे फोनवर मराठीतली जोडाक्षरं नीट दिसतात, त्यामागे हे कुणालाही उघडून वाचता येईल असं काम आहे. ते इथे बरोबरच चाललं आहे. शोधण्याचं काम दुसऱ्या चौकोनात, दुसऱ्या फाइलीत होतं. दुरुस्ती तिथे लागेल.

तेवढ्यात माझ्या मागून एक मुलगी वाकून पडद्याकडे बघते आणि इंग्रजीत म्हणते, “हे आमच्याकडेही होतं.” ती नेपाळची, बेल्जियममध्येच शिकणारी. नेपाळीत क्रियापदांच्या भूतकाळी रूपांत हाच पापणीचा र पदोपदी येतो आणि तिच्याकडची बहुतेक माणसं तो जोडखुणेच्या वाटेनं लिहितात. ती चार शब्द टाइप करते. आता पडद्यावर मराठी आणि नेपाळी एकाखाली एक आहेत आणि दोन्हींत तोच गुंता.

गृहस्थ आमच्या दोघींकडे बघतात. “मला देवनागरी वाचता येत नाही,” ते म्हणतात. “मी वीस वर्षं हा कोड सांभाळला असता तरी मला हे दिसलं नसतं. हे तुम्हीच सांगू शकता. आत्ता, इथेच नोंदवा.”

मग तिथेच आम्ही बग, म्हणजे ती चूक, नोंदवायला बसतो. ते उभे राहून सांगतात, आम्ही लिहितो. कोणती आवृत्ती, कोणती संगणक-प्रणाली. काय केलं, पायरीपायरीनं. काय व्हायला हवं होतं, काय झालं. सोबत नमुना-फाइल. मी पहिल्या वाक्यात मराठी कोट्यवधी लोक बोलतात वगैरे लिहिते. ते खोडायला सांगतात. “त्यानं दुरुस्ती लवकर होत नाही. ज्याच्या संगणकावर ही चूक पुन्हा घडवता येईल, तोच ती दुरुस्त करील. त्याला तेवढं द्या.” नोंद जाते, तिला क्रमांक मिळतो. त्या क्रमांकाखाली माझं आणि त्या नेपाळी मुलीचं नाव आहे.

आणि काम संपत नाही. चाचणीसाठी शब्दांची यादी हवी, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याला ती बरोबर झाली की नाही हे तपासता येईल. आम्ही दोघी जिन्याच्या पायऱ्यांवर बसतो. मी थालीपीठ काढते, ती बाहेरच्या गाडीवरून बटाट्याच्या फ्रीटचा कागदी कोन घेऊन येते. ‘सुऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘दऱ्या’, जे सुचेल ते मी दोन्ही वाटांनी लिहून काढते. ‘आचार्य’, ‘सूर्य’ हेही टाकते, कारण तिथे र वर जातो आणि दुरुस्तीनं त्यांना धक्का लागता कामा नये. हे शब्द मला येतात म्हणून येतात. त्यासाठी कुठलीही पदवी लागलेली नाही. सॉफ्टवेअरच्या जगात माझ्या मराठीची अशी थेट गरज असते, हे मला वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.

अशी कामं आपल्याकडे झालेली आहेतच. रेड हॅट कंपनीनं प्रसिद्ध केलेले ‘लोहित’ फाँट अनेक लिनक्स संगणकांवर मराठी दाखवत आले. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेनं ‘मुक्त’ नावाचा देवनागरी फाँट खुल्या परवान्यावर दिला आणि आज तो कुणीही वापरू शकतं, बदलू शकतं. मघाच्या टेबलावर मी हे सांगितलं तेव्हा गृहस्थांनी ‘मुक्त’चं नाव लगेच ओळखलं.

दुपारी मी डेव्हरूमकडे वळते. डेव्हरूम म्हणजे एखाद्या विषयाला दिवसभरासाठी किंवा अर्ध्या दिवसासाठी दिलेली वर्गखोली. त्या विषयाची माणसंच तिचा कार्यक्रम ठरवतात आणि तिथली शिस्त राखतात. लाकडी बाकं, उतरत्या पायऱ्या, पुढे फळा. व्याख्यानं छोटी. वक्ता संपवत असतानाच पुढचा वक्ता केबल हातात घेऊन उभा असतो. कोपऱ्यात चित्रीकरणाची पेटी आहे, तीही इथल्या स्वयंसेवकांनी स्वतः जुळवलेली. प्रत्येक खोलीतलं प्रत्येक व्याख्यान थेट दाखवलं जातं, आणि नंतर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली कायमचं उपलब्ध होतं. दोन खोल्यांच्या दारांवर ‘फुल’ असा कागद लागलेला आहे. बाहेर जिन्यात बसून माणसं, भिंतीपलीकडे चाललेलं तेच व्याख्यान लॅपटॉपवर बघताहेत.

एका खोलीत विषय कायद्याचा आहे. ब्रसेल्स ही युरोपीय संघाची राजधानी, आणि सायबर रेझिलियन्स ॲक्ट हा नवा कायदा तेव्हा येऊ घातला होता. विकल्या जाणाऱ्या डिजिटल वस्तूंच्या सुरक्षिततेची जबाबदारी तो उत्पादकावर टाकतो. खोलीतली धास्ती अशी: मी हौसेनं लिहून जगाला दिलेला कोड एखाद्या कंपनीनं तिच्या यंत्रात घातला आणि यंत्र फुटलं, तर जबाबदार कोण? पहिल्या मसुद्यावर मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी खूप आक्षेप घेतले होते. २०२३ संपता संपता झालेल्या सहमतीत, धंद्यासाठी नसलेलं मुक्त सॉफ्टवेअर वगळलं गेलं, आणि प्रकल्पांचा सांभाळ करणाऱ्या संस्थांसाठी वेगळी, हलकी जबाबदारी ठरली. युरोपीय आयोगाची माणसं समोर बसून प्रश्न ऐकताहेत, टिपून घेताहेत. मसुदा लिहिणारे आणि त्याचा भार ज्यांच्यावर पडेल ते एकाच बाकावर आहेत. आपल्या देशात संगणकावरचे कायदे होताना असे बाक मांडले जावेत, असं मला मनापासून वाटतं.

धास्ती पोकळ नाही. २०१४ साली ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड नावाची चूक सापडली. जगभरातल्या असंख्य लोकांचे पासवर्ड ज्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर होते, त्यावर पूर्णवेळ काम करणारा माणूस तेव्हा एकच होता आणि वर्षाला देणग्या मिळत होत्या सुमारे २,००० डॉलर. २०२१च्या डिसेंबरात लॉग४जे या दुसऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमधल्या चुकीनं जगभरच्या कंपन्यांची झोप उडवली; तो कोडही मूठभर स्वयंसेवकच सांभाळत होते. आपण बँकेचं ॲप उघडतो, रेल्वेचं तिकीट काढतो, तेव्हा अशा किती अनोळखी माणसांच्या रविवारांवर आपण उभे असतो, याची जाणीव मला या खोलीत होते.

जान्सन सभागृहात पुन्हा शिरते, तेव्हा सुमारे १,४०० जागांच्या त्या हॉलमध्ये मला पायरीवर बसावं लागतं. बोलायला उभा आहे डॅनियल स्टेनबर्ग, स्वीडनचा. त्याचा विषयच असा आहे की कर्ल तुम्हीही लिहू शकला असता. कर्ल म्हणजे नेटवरून माहिती आणण्या-पाठवण्याचं साधन. फोन, टीव्ही, गाड्या, खेळयंत्रं, सर्व्हर, सगळ्यांत ते बसवलेलं आहे. त्याच्याच अंदाजानं सुमारे २० अब्ज ठिकाणी. सुरुवात १९९६ची. गप्पांच्या एका चॅनेलवर चलनांचे दर दाखवावेत, म्हणून त्यानं दुसऱ्या कुणाचा काहीशे ओळींचा प्रोग्रॅम घेतला आणि त्यात भर घालायला लागला. १९९८ साली त्याला कर्ल हे नाव मिळालं. २०१७ साली याच कामासाठी स्वीडनच्या राजाच्या हातून त्याला पोल्हेम पुरस्कार मिळाला.

तो प्रतिभेबद्दल बोलतच नाही. वेळ द्या, धीर धरा, लोकांबरोबर काम करायला शिका, चढउतार येतील ते सोसा, आपण या लोकांत बसण्याच्या लायकीचे नाही असं वाटेल तेव्हा त्या आवाजाला हटवा, आणि यात आनंद वाटत राहील असं बघा. पंचवीस वर्षं केलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकताना त्याला वजन येतं. माझ्या मांडीवर वही आहे. मी त्यात आमच्या बगच्या नोंदीचा क्रमांक लिहून ठेवला आहे. तो मी पुन्हा बघते.

या दोन दिवसांत जे खटकलं तेही सांगायला हवं. रांगांमध्ये बायका कमी दिसतात. काही खोल्यांत मी बोटांवर मोजू शकते. आणि फाटक उघडं असलं, तरी फाटकापर्यंतचा रस्ता उघडा नाही. सांगलीच्या विद्यार्थ्याला इथे यायचं तर शेंगेन व्हिसा, विमानाचं भाडं, हॉटेल. मी येऊ शकले, कारण मी आधीच सीमेच्या अलीकडे राहते आहे. बिनतिकिटाचं संमेलनही जगातल्या बहुतेक विद्यार्थ्यांना परवडत नाही. त्यावर या माणसांनी काढलेला उपाय म्हणजे ते चित्रीकरण, आणि वर्षभर कुठूनही करता येणारं काम. शनिवारी सकाळी केलेल्या आमच्या नोंदीखाली त्याच संध्याकाळपर्यंत पहिला अभिप्राय आला आहे. लिहिणारा संमेलनाला आलेलाच नाही. त्यानं घरी बसून नमुना-फाइल उघडली, चूक पुन्हा घडवून बघितली आणि ‘खात्री झाली’ एवढं लिहिलं.

रविवारी समारोप होतो आणि लगेच आवराआवर सुरू होते. टेबलं दुमडली जातात, केबली गुंडाळल्या जातात, बाकांखालचे कप गोळा होतात. सोमवारी इथे तास भरायचे आहेत, तेव्हा वर्ग होते तसे परत द्यायचे. मीही माहिती कक्षात नाव देते आणि दोन वर्ग झाडून काढते. माझ्याबरोबर झाडू घेतलेल्या माणसानं सकाळी त्याच वर्गात व्याख्यान दिलं होतं.

महाराष्ट्रातल्या माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, तुम्हाला ब्रसेल्सला यायची गरज नाही. फॉस्डेमची व्याख्यानं नेटवर फुकट आहेत. पुण्यात सिंबायोसिसच्या विद्यार्थ्यांनी ‘ग्न्युनिफाय’ वर्षानुवर्षं भरवलं. ‘फॉस युनायटेड’चे लोक बंगळुरूला मोठं संमेलन घेतात आणि आपल्या शहरांतही भेटतात. तिथे जा. पण रिकाम्या हातानं, नुसत्या स्टिकरसाठी आणि प्रमाणपत्रासाठी जाऊ नका. तुम्ही रोज वापरता त्या एका मुक्त सॉफ्टवेअरमधली एक अडचण नीट तपासा, पायरीपायरीनं लिहा आणि ती घेऊन जा. ती मराठीची असेल तर फारच चांगलं, कारण ती तुमच्याशिवाय दुसरं कुणी मांडणार नाही.